मोटारीचा मेंदू बदलतांना

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



आजच्या भाषणासाठीं मी जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनीं केवळ मिस्त्रीलोकांचा वाटेल. मोटारीच्या इंजिनावर हुकमत चालविणारा जो छोटा संगणक असतो, तो बिघडल्यास बदलावयाचा कसा, आणि तो बदलल्यावर चोरीस आळा घालणारी जी यंत्रणा गाडींत बसविलेली असते तिची समजूत घालावयाची कशी, असा हा प्रश्न आहे. परंतु ज्या घरांत मोटार आहे, त्या घरावर हा प्रसंग केव्हां ना केव्हां येण्याचा संभव असतो. सकाळीं गाडी सुरू होत नाहीं, ती ओढून गॅरेजांत नेतात, सायंकाळीं निरोप येतो कीं, "ईसीएम गेला आहे, नवा टाकावा लागेल." खर्चाचा आंकडा बहुधा पांच अंकी असतो. मग कोणीतरी सुचवितो कीं, जुन्या बाजारांत तोच भाग पुष्कळ स्वस्त मिळेल. तो आणतात, बसवितात, आणि गाडी पूर्वीं होती तशीच मुकाट उभी राहते. पैसे गेले, दिवस गेले, आणि दोष कोणाचा हेंहि कळत नाहीं.

हा गोंधळ होतो तो एक गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें. ती अशी कीं, आजच्या मोटारीचा मेंदू हा केवळ सुटा भाग नव्हे. त्याच्या पोटांत एक ओळख सांठविलेली असते. भाग विकत मिळतो. ओळख विकत मिळत नाहीं, ती नव्यानें करून द्यावी लागते. एवढें एक सूत्र मनांत ठेवलें, तर पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

प्रथम हा मेंदू करतो काय तें पाहूं. ज्यांनीं पद्मिनी किंवा अँबॅसडर चालविली आहे त्यांना कारब्युरेटर आठवत असेल. हवेशीं पेट्रोल किती मिसळावें हें त्या भांड्यांतील छिद्रें आणि तरंगता गोळा ठरवीत. ठिणगी केव्हां पडावी हें डिस्ट्रिब्यूटर ठरवी. आणि थंडीच्या दिवसांत चोक ओढण्याचें काम आपल्याकडे असे. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९७९ सालीं बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या गाडींत मोट्रॉनिक नांवाची योजना आणली. तींत पेट्रोलची फवारणी व ठिणगीची वेळ हीं दोन्ही कामें एकाच संगणकाकडे सोंपविलेलीं होतीं. आपल्याकडे गेल्या शतकाच्या अखेरीस धुराविषयींचे नियम कडक होऊं लागले, तेव्हां कारब्युरेटर मागें पडून हीच पद्धति घरगुती गाड्यांत शिरली.

या संगणकाला इंजिनाची बातमी देणारे अनेक हेर असतात. एक दांड्याचे फेरे मोजतो, एक पाण्याची उष्णता सांगतो, एक आंत शिरणारी हवा मापतो, तर एक धुरांत शिल्लक राहिलेला प्राणवायु तपासतो. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. आणि त्यांतील प्रत्येक ठिणगीची वेळ व तिच्यासाठीं लागणाऱ्या पेट्रोलचा हिशेब हा मेंदू नव्यानें करीत असतो.

आतां पहा, जो पेट्रोल देतो तो पेट्रोल नाकारूंहि शकतो. पूर्वींच्या गाडींत कुलुपामागील दोन तारा एकमेकींस जोडल्या कीं चोराचें काम होई, कारण तारांना मालक आणि चोर यांतील भेद कळत नव्हता. परंतु इंजिनाचें चलनवलन मेंदूच्या हातीं गेल्यावर त्या मेंदूला "ओळख पटल्याशिवाय कामाला लागूं नकोस" असें शिकवितां येऊं लागलें. ही शिकवण देणारी जी यंत्रणा, तिलाच इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांतून ती आयकॅट्स या नांवानें ओळखली जाते.

तिची रचना मोठी चतुराईची आहे. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठींत एक चिमुकली चिप असते, आणि कुलुपाभोंवतीं तारेचें एक वेटोळें असतें. किल्ली फिरवितांच त्या वेटोळ्यांत सेकंदाला सुमारे सव्वा लक्ष कंपनें असलेलें क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. त्यांतूनच चिपेला लागणारी अल्पशी शक्ति मिळते आणि ती उत्तर देते. म्हणूनच दार दुरून उघडण्याच्या बटणाची बॅटरी संपली, तरी अशा किल्लीनें इंजिन सुरू होतें.

उत्तर देते म्हणजे काय करते? जुन्या काळीं छावणीच्या नाक्यावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. परंतु परवलीचा शब्द एकच असला, तर झाडाआड लपलेला शत्रु तो ऐकून दुसऱ्या रात्रीं तोच उच्चारील. म्हणून येथें पहारेकरी दर खेपेस एक नवी संख्या विचारतो. किल्ली आपल्या पोटांतील गुप्त नियमानें त्या संख्येचें एक गणित करून उत्तर परत पाठविते. पहारेकऱ्याजवळहि तोच नियम असतो. तो आपलें उत्तर ताडून पाहतो, आणि दोन्ही जुळलीं तरच मेंदूला हिरवा कंदील दाखवितो. हा पहारेकरी कांहीं गाड्यांत स्वतंत्र पेटींत असतो, कांहींत वेगाच्या कांट्यामागील मीटरांच्या पेटींत, तर कांहींत प्रत्यक्ष मेंदूंतच. तो स्वतंत्र असला, तर त्याच्यांत आणि मेंदूंतहि अशीच एक खूण ठरलेली असते. किल्ली, पहारेकरी आणि मेंदू या तिघांची ही गांठ कारखान्यांतच मारलेली असते.

या योजनेचा उपयोग किती, हें अनुभवानें सिद्ध झालेलें आहे. युरोपांत १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला; ऑस्ट्रेलियांत २००१ च्या जुलैपासून, आणि कॅनडांत २००७ च्या सप्टेंबरपासून. हॉलंडमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १९९५ ते २००८ या काळांतील आंकडे तपासून असा निष्कर्ष काढला कीं, या सक्तीमुळें मोटारींच्या चोऱ्या तेथें सरासरीनें सुमारे ४० टक्क्यांनीं कमी झाल्या. उलट बाजूचें उदाहरण अमेरिकेनें पुरविलें. तेथें अशी सक्ति नव्हती. २०१५ सालच्या गाड्या घेतल्या, तर इतर कंपन्यांच्या ९६ टक्के प्रकारांत इमोबिलायझर मूळचाच बसविलेला होता. ह्युंदाई आणि किया यांच्या मात्र अवघ्या २६ टक्के प्रकारांत. २०२१-२२ च्या सुमारास हें गुपित फुटलें, चोरीची रीत दाखविणारीं चित्रें समाजमाध्यमांवर फिरूं लागलीं, आणि कोंवळ्या वयाचीं मुलेंहि या गाड्या पळवूं लागलीं. सीमेपलीकडे कॅनडांत याच कंपन्यांच्या गाड्यांना कायद्यानें पहारेकरी असल्यामुळें तेथें ही सांथ पसरली नाहीं.

तेव्हां हा पहारेकरी आपला हितकर्ता आहे, याविषयीं शंका नको. परंतु त्याचा एक स्वभाव ओळखून असावें. रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. सूर्यास्त झाला, गडाचे दरवाजे मिटले. घरीं तान्हें मूल आहे म्हणून तिनें विनवण्या केल्या, तरी दरवाजा उघडला नाहीं. पहारेकरी निर्दय होता असें नव्हे; त्याला हुकूम ठाऊक होता, माणूस ठाऊक नव्हता. मोटारींतील पहारेकऱ्याचेंहि असेंच आहे. ज्याच्याजवळ खूण आहे तो मालक, ज्याच्याजवळ नाहीं तो चोर, एवढाच न्याय त्याला कळतो. आपण गाडीचे कागद दाखविले, कर भरल्याच्या पावत्या दाखविल्या, तरी त्याला त्यांचा अर्थ नाहीं. आणि मेंदू बदलला कीं ज्याच्याशीं खूण ठरलेली होती तोच निघून जातो. जुन्या बाजारांतून आणलेला मेंदू निर्दोष असेल, सर्वस्वीं चालू असेल. पण तो दुसऱ्या घरचा आहे. तो आपल्या जुन्या धन्याच्या किल्लीची वाट पाहत बसतो आणि आपल्या किल्लीला परकी समजतो. गाडीची मुकाट वृत्ति हा त्याचा बिघाड नसून त्याचा इमान आहे.

मालकाला मालक म्हणून पुन्हां सिद्ध करण्याच्या वाटा निरनिराळ्या कारखान्यांनीं निरनिराळ्या ठेवल्या. त्यांतील तीन मासले पाहण्याजोगे आहेत. इटलीच्या फियाट कंपनीनें पहिल्या पिढींतील इमोबिलायझरबरोबर रोजच्या किल्ल्यांखेरीज एक तांबड्या मुठीची मुख्य किल्ली दिली. नव्या किल्ल्यांची ओळख करून द्यावयाची ती या तांबड्या किल्लीच्या साक्षीनेंच. ती हरवली, तर पुढें त्या यंत्रणेंत कसलाच फेरफार करतां येत नसे, आणि प्रसंगीं मेंदूसकट सर्व संच बदलण्याची पाळी येई. खुणेची वस्तु मालकाच्या घरीं ठेवण्याची ही रीत. वस्तु जपली तर तो खरा स्वतंत्र. हरविली तर सर्वस्वीं परतंत्र.

दुसरी रीत गुप्त अंकाची. फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत चार आंकड्यांचा एक गुप्त अंक असे. आरंभीं तो किल्ल्यांसोबतच्या बिल्ल्यावर झांकून, खरवडून पाहण्याजोगा, दिलेला असे. मेंदू बदलल्यावर हा अंक सांगितला कीं मीटरांतील पहारेकरी नव्या सोबत्याला स्वीकारी. पुढील पिढ्यांत हा अंक मालकाच्या हातीं देणें बंद झालें, आणि काम करणाऱ्यानें कारखान्याच्या संगणकाशीं थेट संधान बांधूनच ओळख करून द्यावी असें ठरलें.

तिसरी रीत मला सर्वांत मौजेची वाटते. अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें आपल्या अनेक गाड्यांत ना वस्तु ठेवली, ना अंक. तिनें कुलूप केलें तें वेळेचें. मेंदू बदलल्यावर किल्ली सुरू करण्याच्या स्थितींत नेऊन ठेवावी. पहाऱ्याचा दिवा सुमारे दहा मिनिटें जळून विझतो. मग किल्ली बंद करून पुन्हां तसेंच करावें, आणि आणखी एकवार. अशीं तीस मिनिटें लोटलीं म्हणजे नवी ओळख पक्की होते. यामागील विचार साधा पण मार्मिक आहे: अर्धा तास शांतपणें गाडींत बसून राहणें मालकाला शक्य आहे, चोराला नाहीं.

आतां प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळूं. मेंदू गेला असें सांगण्यांत आलें, तर पहिलें काम म्हणजे तो खरोखर गेला आहे काय याची खात्री करून घेणें. हा भाग इतर भागांच्या मानानें क्वचित् बिघडतो. तो बिघडण्याचीं कारणेंहि ठराविक असतात. बॅटरी उलट जोडली गेली, ती न सोडवितां गाडीवर विजेचें वेल्डिंग केलें, किंवा पेटींत पाणी शिरलें, तर तो जाऊं शकतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईंत असंख्य गाड्या बुडाल्या, हें आपणांस आठवतच असेल. कित्येक गाड्यांत ही पेटी पायाजवळ किंवा डॅशबोर्डाखालीं असते. तेथपर्यंत पाणी चढलें कीं आंतील नाजूक तांब्याच्या रेषांना गंज चढूं लागतो. अशी गाडी पाणी ओसरल्याबरोबर किल्ली फिरवून पाहणें हा मोह टाळावा. बॅटरी प्रथम सोडवावी, आणि पेटी उघडून, पुसून, वाळवून घ्यावी. पुष्कळदां मेंदू वांचतो तो या धीरानें.

परंतु पाणी नाहीं, वेल्डिंग नाहीं, तरीहि मेंदूवर आरोप आला, तर मिस्त्रीस नम्रपणें विचारावें कीं, पेटीपर्यंत वीज पोंचते का? तिची जमिनीची तार, म्हणजे अर्थ, घट्ट आहे का? फ्यूज आणि रिले तपासले का? जोडणीच्या पिनांवर हिरवा गंज नाहीं ना? उंदरांनीं तारा कुरतडल्या नाहींत ना? आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यांत उभ्या राहिलेल्या गाड्यांत, हा मूषकांचा उपद्रव बराच आढळतो. चार रुपयांच्या तारेचा दोष मेंदूच्या माथीं मारला जाऊं नये.

त्याचप्रमाणें दोष मेंदूचा कीं पहाऱ्याचा, हेंहि निवडून घ्यावें. मीटरांमध्यें किल्लीचें किंवा कुलपाचें चित्र असलेला एक दिवा असतो. किल्ली फिरविल्यावर तो क्षणभर लागून विझला, तर ओळख पटली. तो लुकलुकत राहिला, अथवा इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडूं लागलें, तर पहारेकरी अडवीत आहे असा दाट संशय धरावा. अशा वेळीं घरांतील दुसरी किल्ली आणून पाहावी. किल्लीच्या जुडग्यांत दुसऱ्या गाडीची किल्ली असेल, तर ती दूर करून पाहावी. दोन चिपा शेजारीं आल्या कीं कधीं कधीं दोघींचेंहि बोलणें पहारेकऱ्याला नीट ऐकूं येत नाहीं. या दोन गोष्टींना एक पैसाहि पडत नाहीं.

इतकें करूनहि मेंदू बदलणें अटळ ठरलें, तर चार मार्ग संभवतात. पहिला मार्ग कोरा करकरीत नवा मेंदू घेऊन अधिकृत कर्मशाळेंत त्याची ओळख करून घेण्याचा. हा सर्वांत महाग, पण सर्वांत निर्वेध. कोऱ्या मेंदूला पूर्वींचा धनी नसल्यामुळें तो आपल्या किल्लीचा स्वीकार करतो. गाडी जुनी असेल आणि कारखान्यानें तो भाग पुरविणें बंद केलें असेल, तर मात्र हा मार्ग खुंटतो.

दुसरा मार्ग संपूर्ण कुटुंबच घरीं आणण्याचा. एकाच गाडींतून निघालेला मेंदू, पहारेकऱ्याची पेटी आणि किल्ली हे तिघेहि आणले, तर त्यांची आपसांतली खूण अबाधित असते आणि नव्या गाडींत तीं तशींच कामाला लागतात. किल्लीच्या धातूचा दांता आपल्या कुलुपाला लागत नसेल, तर तींतील चिप काढून आपल्या किल्लीच्या मुठींत बसवितां येते. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारांत जाणाऱ्यानें म्हणूनच एकटा मेंदू न मागतां सगळा संच मागावा. येथें दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पेटीवरील क्रमांक आपल्या जुन्या पेटीवरील क्रमांकाशीं अक्षरशः जुळवून घ्यावा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पेट्या आंतून निराळ्या इंजिनांसाठीं लिहिलेल्या असतात. आणि पहारेकरी जर मीटरांत असेल, तर मीटर बदलतांच किलोमीटरांचा आंकडाहि बदलतो; तेव्हां तारीख व दोन्ही आंकडे बिलावर लिहून घ्यावे, म्हणजे पुढें गाडी विकतांना कोणी लबाडीचा आरोप करणार नाहीं.

तिसरा मार्ग नकलेचा. जुन्या मेंदूचें शरीर निकामी झालें तरी त्याची स्मृति कित्येकदां शाबूत असते. कुशल कारागीर ती वाचून त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या मेंदूंत जशीच्या तशी उतरवितो. नवा मेंदू मग आपल्यालाच जुना समजूं लागतो; किल्ली तीच, पहारेकरी तोच, गाडीचा चॅसी क्रमांक तोच. खर्च व खात्री यांचा मेळ या मार्गांत बरा बसतो. म्हणूनच माझी आग्रहाची विनंति आहे कीं, जुना मेंदू भंगार म्हणून गॅरेजांत सोडूं नये. नवा नीट चालूं लागेपर्यंत तर नाहींच नाहीं. तो मेलेला दिसला, तरी घरच्या तिजोरीचें मृत्युपत्र त्याच्याच पोटांत असतें.

चौथा मार्ग पहारेकऱ्याला कायमचें झोंपविण्याचा. मेंदूच्या स्मृतींतून ओळख विचारण्याचा भागच पुसून टाकतात. मग कोणतीहि किल्ली चालते. हा मार्ग स्वस्त आणि झटपट असतो, आणि कांहीं ठिकाणीं मालकाला न सांगतांहि तो अवलंबिला जातो. परंतु गाडीचा दरवाजा दुरुस्त करावयास देऊन भिंतच पाडून मिळावी, तसें हें आहे. गाडी सुरू होते खरी, पण ती सर्वांसाठींच सुरू होते. पुढें चोरी झाली आणि विमा कंपनीच्या तपासनीसानें हा प्रकार पाहिला, तर भरपाईच्या वेळीं वाद उपस्थित होण्यास तें एक कारण होऊं शकतें. निदान आपल्या संमतीवांचून तें होऊं देऊं नये.

मार्ग कोणताहि असो, प्रत्यक्ष ओळख करून देण्याचें काम चालू असतांना दोन पथ्यें पाळलीं पाहिजेत. एक, बॅटरी भरलेली असावी, आणि स्थिर दाब देणारा पुरवठा तिला बाहेरून जोडलेला असावा. लिहिण्याचें काम अर्धवट असतांना वीज खालीं आली, तर चांगला मेंदूहि तेथेंच निकामी होतो. दुसरें, घरांतील सर्व किल्ल्या बरोबर न्याव्या. पुष्कळ गाड्यांत ही नोंद नव्यानें होतांना जुनी यादी पुसली जाते. जी किल्ली त्या वेळीं हजर नसेल ती कायमची परकी ठरते. मुलानें वसतिगृहावर नेलेली किल्ली पुढें दिवाळींत घरीं येईल आणि दार उघडील, पण इंजिन सुरू करणार नाहीं.

येथवर झाला तो व्यवहार. पण याच्या मागें एक तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो सोडून चालणार नाहीं. ओळख करून देण्याचें साधन कोणाच्या हातीं असावें? तें फक्त कारखान्याच्याच हातीं राहिलें, तर गाडी विकत घेऊनहि आपण तिचे पुरते मालक होत नाहीं. गांवच्या हुशार मिस्त्रीचा धंदा बसतो, आणि तालुक्याच्या गांवीं बंद पडलेली गाडी शंभर मैल ओढून न्यावी लागते. तें वाटेल त्याच्या हातीं गेलें, तर पहारेकरी ठेवण्यांत अर्थच उरत नाहीं. आपल्या देशांत स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टांत चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटि रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीचीं साधनें आणि तांत्रिक माहिती त्यांनीं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुलेपणानें मिळूं दिली नाहीं, हा ठपका त्यामागें होता. कंपन्यांनीं त्यावर पुढें अपिलें केलीं; तथापि प्रश्न केवळ गॅरेजवाल्यांचा नसून ग्राहकाचा आहे, हें त्या निकालानें स्पष्ट झालें. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्कासाठीं जें संकेतस्थळ उघडलें, त्यांतहि मोटारींचा समावेश आहे.

"सर्व कांहीं गुप्त ठेवल्यानेंच सुरक्षितता राहते," असें कारखानदार म्हणतात. हा युक्तिवाद पुरता टिकत नाहीं. बर्मिंगहॅम व नायमेगन येथील संशोधकांना बऱ्याच गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या एका चिपेच्या गुप्त नियमांतील उणिवा २०१२ सालीं सांपडल्या. त्यांचा प्रबंध प्रसिद्ध होऊं नये म्हणून फोक्सवॅगननें २०१३ सालीं ब्रिटनच्या उच्च न्यायालयांतून मनाई हुकूम मिळविला. शेवटीं २०१५ सालीं एक वाक्य गाळून तो प्रबंध प्रसिद्ध झाला. मधल्या दोन वर्षांत चिपेंतील उणीव बुजली नव्हती. ती केवळ गाडीच्या मालकापासून लपली होती. गुपित आणि मजबुती या दोन निराळ्या वस्तु आहेत.

याहून शहाणपणाचा मध्यम मार्ग युरोप व अमेरिका यांनीं काढलेला दिसतो. तेथें स्वतंत्र कारागिराला किल्ली व इमोबिलायझर यांची माहिती मिळूं शकते. मात्र त्यानें आधीं आपलें नांव नोंदवावें, आपली सचोटी पटवावी, आणि कोणत्या गाडीचें काम कोणासाठीं केलें याची नोंद राहूं द्यावी. म्हणजे जो न्याय किल्लीला लावला, तोच कारागिराला लावला: ओळख पटवा आणि काम करा. आपल्याकडेहि अशी व्यवस्था झाली, तर मालक, मिस्त्री आणि कारखाना या तिघांचेंहि हित साधेल.

ती होईपर्यंत आपल्या हातीं कांहीं सोप्या गोष्टी आहेत. जुनी गाडी विकत घेतांना दोन्ही किल्ल्या आणि गुप्त अंकाचा बिल्ला किंवा पत्रिका असल्यास ती मागून घ्यावी. एकच किल्ली मिळाली, तर किंमतींत तेवढी सूट मागण्यास संकोच करूं नये. बिल्ला गाडीच्या खणांत न ठेवतां घरच्या कागदपत्रांत ठेवावा. एक किल्ली हरवली, तर दुसरी शिल्लक असतांनाच तिसरी करून घ्यावी. एका किल्लीच्या साक्षीनें दुसरी करणें सोपें, साक्षीवांचून करणें महाग. आणि मेंदू बदलण्याचा प्रसंग आलाच, तर बिलाची रक्कम विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: दोष मेंदूचाच आहे हें कशावरून ठरविलें? नव्या मेंदूला आमच्या किल्लीची ओळख कोण आणि कशी करून देणार? आणि काम झाल्यावर पहारेकरी जागा असेल ना? या तीन प्रश्नांचीं सरळ उत्तरें जो देईल, त्याच्या हातीं गाडी निर्धास्तपणें द्यावी.

यंत्र जितकें शहाणें होत जातें, तितकें त्याच्या मालकानेंहि थोडें शहाणें व्हावें लागतें. त्या शहाणपणांत आजच्या या भाषणानें अल्पशी भर पडली असेल, तर माझा हेतु सफळ झाला असें मी समजेन.